मांजराचे कान : बघा, हुंगा, पण आत काही घालू नका

म्हैसूरहून बोलतोय. गावाच्या नावातच म्हैस आहे, आणि आजचा विषय मात्र मांजर. त्यातही मांजराचे कान.

आमच्या गावात कानांना मोठा मान आहे. मानसगंगोत्रीच्या परिसरात ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग ही केंद्र सरकारची संस्था 1965 पासून आहे. ऐकू कमी येणाऱ्या मुलांना घेऊन देशभरातून आईवडील इथे येतात. आधी तपासणी, मग निदान, मग उपाय, ही शिस्त तिथे दारातच कळते. माणसाच्या कानाबद्दल आपण एवढे जागरूक असतो. मांजराच्या कानाचं काय करतो? स्वयंपाकघरात जातो आणि तेल कोमट करतो.

मीही त्यातलाच. म्हणून आज आधी माझी चूक सांगतो, मग माहिती.

चिंगी आमच्याकडे आली ती पावसाळ्यात, स्कूटरच्या सीटखाली बसलेली. दोन-अडीच महिन्यांची असेल. सारखी मान झटकायची आणि मागच्या पायाने कान खाजवायची. कानात बघितलं तर काळपट, भुरभुरीत मळ. आमच्याकडे सकाळी फिल्टर कॉफी होते. फिल्टरमध्ये उरलेला चोथा जसा दिसतो, अगदी तसा.

बेळगावहून आत्या आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, लसूण टाकून तेल कडकडव, कोमट झालं की दोन थेंब सोड." लहानपणी आम्हा सगळ्या भावंडांच्या कानांत ते तेल गेलेलं आहे, त्यामुळे मला वावगं काहीच वाटलं नाही. चिंगी कपाटामागे पळाली म्हणून ते राहिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मळ काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला बघायला लावलं. आठ पायांचे पारदर्शक किडे चक्क चालत होते. कानातले माइट्स. मानेवर लावायचं औषध मिळालं, कानात घालायचे थेंब मिळाले, महिन्याभरात कान स्वच्छ.

आठेक महिन्यांनी पुन्हा तोच मळ दिसला. या वेळी फक्त डाव्या कानात. मी मनात म्हटलं, हे तर आपल्याला माहीत आहे. फडताळात जुनी बाटली होतीच. आठवडाभर थेंब घातले. आठव्या दिवशी सकाळी चिंगी खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारायला गेली आणि खाली पडली. उठली, तर मान डावीकडे वाकडी, पाय फाकवून चालते आहे, एकाच बाजूला गोल फिरते आहे.

डॉक्टरांनी भूल देऊन आत बघितलं. कानात माइट एकही नव्हता. आत मांसाची लहानशी गाठ वाढली होती. तिला पॉलिप म्हणतात. त्यामुळे मळ साचला, संसर्ग झाला, कानाचा पडदा फाटला. आणि मी घातलेले थेंब त्या फाटक्या पडद्यातून आतल्या नाजूक भागापर्यंत गेले होते. गाठ काढली, दीड महिना औषधं चालली, चिंगी वाचली. पण आजही ती माझ्याकडे बघते ती मान जराशी कलती करून. पाहुण्यांना ते गोड वाटतं. मला त्यातला हिशेब माहीत आहे.

या भागात सांगण्यासारखं मुख्य एकच आहे. मळ दोन्ही वेळा सारखाच दिसत होता, कारण मात्र वेगळं होतं. कान नियमित बघणं हे आपलं घरचं काम. कारण ओळखणं हे डॉक्टरांचं.

कान आतून कसा असतो

माणसाच्या कानाची नळी साधारण आडवी आणि सरळ असते. मांजराची तशी नसते. ती आधी खाली उतरते आणि मग आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो, म्हणून तो आपल्याला बाहेरून कधीच दिसत नाही. घरी टॉर्च मारून आपण बघतो तो फक्त जिना. खोली खाली, वळणापलीकडे आहे.

यावरून इअरबड का नको तेही कळेल. आपण काडी आत घालतो, थोडा मळ कापसाला लागतो, आपल्याला समाधान वाटतं. उरलेला मळ मात्र वळणाकडे ढकलला जातो आणि तिथे दाबून बसतो. मांजराने त्याच क्षणी मान झटकली तर काडी लागते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट, निरोगी कान स्वतःच स्वच्छ होतो. नळीच्या आतली त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मळ आपल्याबरोबर बाहेर आणते. त्यामुळे बहुतेक निरोगी मांजरांचे कान धुवावे लागतच नाहीत. दर आठवड्याला कान धुतलेच पाहिजेत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. विनाकारण ओला ठेवलेला कान उलट बिघडतो.

आणि हा कान किती कामाचा आहे बघा. माणसाला सुमारे 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला साधारण 85,000 पर्यंत. उंदरांची आपल्याला ऐकूच न येणारी चिवचिव तिला ऐकू येते. शिवाय तोल सांभाळणारी यंत्रणाही कानाच्याच आतल्या भागात असते. चिंगी पडली ती पाय अधू झाला म्हणून नाही, कान बिघडला म्हणून.

आठवड्यातून दोन मिनिटं

आता घरचं काम. एक वार ठरवा. मांजर जेवून सुस्तावलेलं असतं ती वेळ निवडा. मांडीवर घ्या, आधी डोकं, हनुवटी, मान कुरवाळा. मग बाहेरचा कान अंगठा आणि बोटात हलकेच धरून किंचित मागे वळवा आणि उजेडात बघा. आधी उजवा, मग डावा. नेहमी दोन्ही बघा, कारण एक कान हीच दुसऱ्या कानाची मोजपट्टी असते.

रंग बघा. आतली त्वचा फिकट गुलाबी हवी. काही मांजरांच्या त्वचेवर जन्मतःच काळसर डाग असतात, ते चालतात. लालभडक, सुजलेली, खपल्या धरलेली त्वचा चालत नाही.

मळ बघा. कडेला किंचित तपकिरी मेण असेल तर सोडून द्या. काळा चोथा, पिवळा किंवा हिरवट पू, रक्त, ओलसर चिकट थर यांपैकी काही असेल तर सोडू नका.

वास घ्या. हो, नाक जवळ नेऊन हुंगा. चांगल्या कानाला वास जवळजवळ नसतोच. आंबूस, कुबट किंवा सडका वास आला तर आत काहीतरी चाललं आहे, मग दिसायला कान स्वच्छ का असेना.

स्पर्श करा. कानाच्या बुडाशी हलकं दाबा. मांजर दचकलं, गुरगुरलं, डोकं काढून घेतलं, तर तिथे दुखतंय.

दोन गोष्टींनी मात्र घाबरू नका. कान आणि डोळा यांच्यामध्ये कपाळावर केस विरळ असतात, ते बहुतेक मांजरांत नैसर्गिक आहे. आणि कानाच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूला त्वचेची एक छोटी दुमड असते. ती जखम नाही, खिसा आहे, जन्मापासूनचा. फक्त त्यात पिसू किंवा गोचीड लपते, म्हणून तो खिसाही उघडून बघा.

महिन्यातून एकदा दोन्ही कानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे शंका आली की जुना फोटो आणि नवा कान शेजारी ठेवून बघता येतो.

काळा मळ म्हणजे माइट्सच का?

लहान पिल्लू, दोन्ही कान, काळा चोथा, भयंकर खाज. अशा वेळी माइट्सची शक्यता खरोखर मोठी असते. हे किडे कानातला मळ आणि त्वचेतून पाझरणारा द्रव खाऊन जगतात. अंड्यापासून मोठा किडा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणूनच चार दिवसांत खाज थांबली म्हणून औषध बंद केलं की अंड्यांतून नवी पिढी बाहेर येते आणि आपण म्हणतो, औषध लागू पडलं नाही.

माइट्स एका मांजराकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातात, कुत्र्याकडेही जातात. म्हैसूरच्या जुन्या कौलारू घरांत, किंवा कुठल्याही गावातल्या चाळीत आणि वाड्यात, मांजरं घरोघर फिरत असतात. त्यामुळे औषध एकट्या मांजराला देऊन भागत नाही, घरातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांना एकाच वेळी द्यावं लागतं. अंथरुणं गरम पाण्याने धुवावी लागतात. माणसाच्या कानात हे किडे सहसा घर करत नाहीत. कधी हातावर थोडी खाज सुटते, तेवढंच.

पण मांजर मोठं असेल, घराबाहेर जात नसेल, किंवा मळ एकाच कानात असेल, तर माइट्सचं नाव घेण्याआधी थांबा. यीस्ट म्हणजे बुरशीच्या जातीच्या जंतूंमुळे तपकिरी, चिकट मळ होतो. जीवाणूंमुळे पू होतो. एखाद्या खाण्याची किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर कान पुन्हा पुन्हा लाल होतात. तरुण मांजरात पॉलिप असू शकतो, म्हाताऱ्या मांजरात मेणाच्या ग्रंथींची गाठ असू शकते. आणि कानाच्या कडांवर जाड, राखाडी खपल्या येऊन त्या तोंडाकडे पसरत असतील तर ती वेगळी खरूज असते. ती माणसालाही खाज देते.

या सगळ्यांचे उपाय वेगवेगळे आहेत. माइटचं औषध यीस्टला लागू पडत नाही. यीस्टचं औषध गाठ काढत नाही. म्हणून डॉक्टर दोन गोष्टी करतात. ओटोस्कोपने पडदा शाबूत आहे का ते बघतात आणि मळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तुमचे डॉक्टर यातलं काही न करता थेंब लिहून देऊ लागले तर नम्रपणे विचारा, "पडदा बघता येईल का?" विचारण्यात संकोच कसला?

आणि एक लक्षात ठेवा, डॉक्टरांकडे न्यायच्या दिवशी कान पुसू नका. आपल्याला वाटतं, घाणेरडा कान दाखवायचा कसा. पण त्या घाणीतच उत्तर असतं.

स्वयंपाकघर आणि औषधाचा डबा

आत्यांच्या लसणाच्या तेलाकडे परत येतो. त्यांची माया खरी होती. पण मांजर कान पायाने पुसतं आणि पाय चाटतं. कानातलं अर्धं औषध असं पोटात जातं. लसूण आणि कांदा मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्याला फोडणीत लागणारी वस्तू तिच्यासाठी विष आहे.

नुसतं खोबरेल? खरं सांगायचं तर तेलात काही माइट्स गुदमरून मरतात, म्हणून दोन दिवस बरं वाटतं. पण अंडी राहतात, कानाबाहेर अंगावर फिरणारे किडे राहतात, आणि तेलकट कानात डॉक्टरांना पडदा नीट दिसत नाही. पडदा फाटलेला असेल तर तेल आत जातं.

व्हिनेगर, लिंबू, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोललेल्या त्वचेवर आग लावतात. टी ट्री तेल आणि कापूर मांजराला विषारी आहेत. माणसांच्या कानातले थेंब किंवा मागच्या वेळचे उरलेले थेंबही नकोत. त्यांतली काही औषधं फाटक्या पडद्यातून आत गेली तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. माझ्या फडताळातली बाटली आठवा.

आणि दोन गोष्टी तर जीवच घेतात. पहिली, कुत्र्यांसाठीचं पिसवा-गोचिडांचं औषध. त्यात अनेकदा परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराचं शरीर त्याचा निचरा करू शकत नाही, झटके येतात. "कुत्र्याला लावतो त्याच्या निम्मं लावू" हा हिशेब करू नका. दुसरी, पॅरासिटामॉल. कान दुखतोय म्हणून माणसाची गोळी चुरून दिली तर एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

साफ करायला सांगितलं असेल तर

डॉक्टरांनी पडदा बघून, साफ करायचं द्रावण देऊन, "घरी करा" असं सांगितलं असेल तरच पुढचं ऐका.

बाटली पाच मिनिटं मुठीत धरा, म्हणजे द्रावण अंगाच्या तापमानाला येईल. गार थेंबाने मांजर दचकतं आणि चक्करही येऊ शकते. जुना पंचा किंवा टॉवेल घ्या, पोळीच्या गुंडाळीसारखं मांजर त्यात गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. घरात दुसरं माणूस असेल तर एकाने धरायचं, एकाने करायचं.

कान हलकेच वर धरा. बाटलीचं तोंड कानाला टेकवू नका. सांगितलेलं द्रावण सोडा आणि कानाचं बूड बाहेरून वीस-तीस सेकंद चोळा. आत पचपच आवाज आला की द्रावण पोहोचलं. मग सोडून द्या आणि तोंड बाजूला घ्या, कारण मांजर मान झटकणार आणि सगळं तुमच्या अंगावर उडणार. ते हवंच आहे, तळाचा मळ त्यानेच वर येतो. आता कापसाचा बोळा बोटाभोवती धरून फक्त डोळ्यांना दिसतो तेवढाच भाग पुसा. बोट सहज जाईल तिथपर्यंत, पुढे नाही. दुसऱ्या कानाला नवा बोळा.

औषधाचे थेंब असतील तर सफाईनंतर दहा-पंधरा मिनिटांनी घाला. शेवटी आवडीचा खाऊ. मांजर ओरडलं, वेदनेने चावायला आलं, किंवा नंतर तोल जाऊ लागला तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा.

पांढऱ्या मांजरांसाठी थोडं वेगळं

पांढऱ्या मांजरांच्या कानांची टोकं उन्हाने भाजतात. तिथे केस विरळ आणि त्वचेत रंग नसतो. आमचं म्हैसूर गार हवेचं म्हणून ओळखलं जातं, पण हवा गार असली तरी ऊन कमी नसतं. एप्रिलमध्ये सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. नागपूर, सोलापूर, इंदूरच्या मंडळींना तर उन्हाबद्दल सांगायलाच नको.

आधी टोक गुलाबी होतं, मग पापुद्रे निघतात, मग एक बारीक खपली धरते. ती पडते, पुन्हा धरते. वर्षानुवर्षं असं चाललं तर तिथे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी खपली "भांडणात ओरखडलं असेल" म्हणून सोडू नका, लवकर दाखवा. आणि सकाळी दहा ते दुपारी चार पांढऱ्या मांजराला उन्हाच्या कट्ट्यावर झोपू देऊ नका. माणसांचं सनस्क्रीन चोपडू नका, ती ते चाटते.

पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत जन्मतः बहिरेपणाही बराच आढळतो. डार्विननेही 1859 च्या आपल्या ग्रंथात याची नोंद केली होती. हा बहिरेपणा मळाने येत नाही आणि साफ करून जात नाही. अशा मांजराला मागून अचानक उचलू नका, पायाने जमीन थोपटून हाक द्या आणि रस्त्यावर मोकळं सोडू नका.

कधी वाट बघायची नाही

मान एका बाजूला वाकडी होणे. गोल फिरणे, पडणे. डोळ्यांची बुबुळं झरझर हलणे. एका डोळ्याची बाहुली लहान होणे किंवा आतला पांढरा पडदा वर येणे, कारण डोळ्याकडे जाणारी एक नस मांजराच्या मधल्या कानातून जाते. कानातून रक्त किंवा पू. एक दिवस काहीही न खाणे. यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी निघा. जाण्याआधी मोबाइलवर चालण्याचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात मांजर भीतीने गोठून बसतं आणि घरी दिसलं ते तिथे दिसत नाही.

बाहेरचा कान अचानक पुरीसारखा फुगला तर खाजवून किंवा झटकून आत रक्तवाहिनी फुटली आहे. सुईने टोचू नका. रक्त पुन्हा भरतं आणि जंतू आत जातात. शिवाय खाज कशामुळे होती ते शोधल्याशिवाय कान पुन्हा फुगतो.

डॉक्टरांसाठी चिठ्ठी करून न्या. कोणता कान, किती दिवस, आधी काय घातलं, घरात आणखी जनावरं कोणती, खाण्यात काय बदललं. "आधी काय घातलं" हे लपवू नका. मला लाज वाटत होती, तरी जुन्या बाटलीचं सांगितलं. त्यामुळेच आत काय गेलं आहे ते डॉक्टरांना लगेच कळलं. परगावात भाषा अडते, तेव्हाही चिठ्ठी आणि फोटो कामाला येतात. मी तर पहिल्यांदा दवाखान्यात "बेक्कु, किवि" एवढेच दोन कन्नड शब्द म्हणून कानाकडे बोट दाखवलं होतं. मांजर, कान. तेवढ्याने काम झालं.

तर मंडळी, आज घरी मांजर मांडीवर आलं की दोन्ही कान बघा, हुंगा, फोटो काढा. आणि फडताळात जुनी, अर्धवट थेंबांची बाटली असेल तर ती आजच टाकून द्या. मी चिंगीची टाकली, पण आठ दिवस उशिरा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.